लताबाईच्या खेळातला पंच

चोपड्याजवळच्या केळीवाल्या घरात लताबाई धुळ्याहून सून होऊन आली, ती कॉलेजची दोन वर्षं करून. घरात इंग्रजी येणारी ती एकटीच, आणि त्या इंग्रजीचं काम काय, तर खताच्या गोणीवरचं वाचणं. एकुलता भाऊ रतिलाल अमेरिकेत. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी न्यायला मुराळी होऊन यायचं, ते सोडून त्याने त्या साली पार्सल धाडलं. आत एक साडी आणि एक जाड पुस्तक.

पुस्तक खेळाचं होतं. प्रत्येकीने अंगात अचाट ताकद असलेली बाई व्हायचं, कोणी उडणारी, कोणी ट्रक उचलणारी. एकजण पंच. बंगला कुठे, चोर कुठे, पुढे काय झालं, सगळं पंच सांगणार. फासे नव्हते, म्हणून कवड्या घेतल्या. दुपारी भांडी झाली की लताबाई आणि थोरली जाऊ बेबाबाई ओसरीवर बसायच्या.

सासू सुगंधाबाईने दोन दिवस पाहिलं, मग म्हणाली, "माले बी खेळमा घ्या, नहीतं पुस्तक चुलामा."

लताबाईने घाईघाईत तिला पंच करून टाकलं. म्हातारी खूश राहील, एवढाच विचार.

पुस्तक दिसायला झकपक, आत नुसता गोंधळ. ट्रक किती लांब फेकता येतो याची पानंच्या पानं, पण कोंडलेल्या माणसाने काय करावं याची एक ओळ नाही. पुढे सांगू म्हणायचं आणि पुढे विसरायचं. बेबाबाई म्हणाली, "आपल्या लग्नाच्या पत्रिका बऱ्या होत्या. निदान गाव तरी बरोबर छापलं होतं."

एका दुपारी लताबाईची बाई खेळात तळघरात कोंडली गेली. सुगंधाबाई म्हणाली, "भाऊ लेवाले ऊना, तं दार उघडी."

म्हणजे भाऊ न्यायला आला, तरच दार उघडणार. मुराळ्याशिवाय सून अखाजीला उंबरा ओलांडत नाही, ही त्या घराची रीत, आणि अखाजी चार दिवसांवर आलेली.

"बेबाताईची बाई उडते," लताबाई म्हणाली. "ती आली मला न्यायला."

"ती तुनी जाऊ शे, भाऊ नही."

लताबाईने पुस्तक उघडलं. एका पानावर लिहिलं होतं, जोडीदार दार फोडू शकतो. मागे दुसऱ्या पानावर, दार कोणीच फोडू शकत नाही. आणि शेवटी, नियमांचा मेळ बसला नाही तर पंचाचं खरं.

"मंग पंच कोन शे?"

"तुम्ही."

बेबाबाईचा मुराळी आला, ती गेली. ओसरीवर दोघीच उरल्या. लताबाईने धीर केला. "आई, पंचाने ठरवलं तर मुराळ्यावाचूनही दार उघडतं. घरातला कोणी मला धुळ्याच्या एस.टी.त बसवून देईल."

सुगंधाबाईचा भाऊ वारल्यापासून तिचंही माहेर बंद होतं. ती पुस्तकाकडे बघत राहिली. "तसं पुस्तकमा लिखेल शे का?"

म्हातारीला अक्षर येत नव्हतं. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. लताबाईचं बोट पानावर होतं, पान उघडं होतं, आणि तोंडातून निघालं, "नाही."

"मंग राहू दे," सुगंधाबाई म्हणाली आणि ठरवायचं ओझं उतरल्यासारखी हलकी होऊन उठली.

दुसऱ्या दिवशी लताबाईचा नवरा सुकदेव मुराळी होऊन आपल्या बहिणीला आणायला धरणगावला निघाला. लताबाईने त्याची पिशवी भरून दिली आणि येणाऱ्या नणंदेसाठी सांजोऱ्यांचा रवा भाजायला घेतला.