साडभाऊंचं कर्नेल

आमच्या साडभाऊंइतका दुसऱ्याची जागा मोजणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मोजणी खात्याचा माणूस शेत मोजतो, पण त्याला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करूनही तो येईलच असं नाही. साडभाऊ न बोलावता येतात. घरात पाऊल टाकल्यावर माणूस पाणी मागतो, पोरांची चौकशी करतो. हे चपला काढता काढता विचारतात, "कॉम्प्युटर चालू हाय का, भाऊ?" आणि उत्तराची वाट न बघता माझी खुर्ची ओढून बसतात. मग एक काळी खिडकी उघडतात. तिच्यात पांढरी अक्षरं सरसर खाली सरकायला लागतात आणि माझ्या घरची अब्रू चव्हाट्यावर येते. "पाहा, हे तुमचं ब्राउझर. अठ्ठावीस पानं उघडी. त्यातली अकरा गुडघेदुखीची. काहून?" आता गुडघे माझे, दुखणं माझं, कॉम्प्युटरही माझाच. पण उत्तर द्यायची पाळी माझ्यावर येते, आणि स्वयंपाकघरातून बायको ओरडते, "जवाईबुवा, बंद करा ती पानं, चालणं तर दूरच, वाचूनच दमतात हे!"

नातं सांगायचं तर ते माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. आर्णीला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी पुण्यात मोठ्या पगाराची नोकरी होती, ती सोडून आले. काहून सोडली असं विचारलं की म्हणतात, "तिथं कोणी आतलं पाहूच देत नव्हतं." सासूबाई मात्र अजूनही चारचौघींत "आमचे धाकटे जवाई घरूनच पुण्याचं काम करतात" असं सांगतात आणि विषय तुरीच्या डाळीवर नेतात.

आतलं म्हणजे काय, हे मला समजायला दोन वर्षं लागली. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सोपं करून सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला मेमरी, म्हणजे हातपाय पसरायला जागा, हा कारभारी वाटून देतो. कोणी किती घेतली हे त्याला ठाऊक असतं, पण तो विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि बोलला तरी मोघम. त्याला बोलतं करायचं, प्रत्येक प्रोग्रामचं वेगवेगळं, तपशीलवार, हेच साडभाऊंचं जीवितकार्य. तेवढ्यासाठी त्यांनी कर्नेलमध्येच स्वतःची भर घातली होती. मी एकदा चुकून म्हटलं, सगळ्यांची बेरीज केली की झालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी जेवणाच्या ताटावर पाय दिला. "अजी भाऊ, एका विहिरीवर तीन भाऊ. तिघायच्याही सातबाऱ्यावर विहीर लिवली हाय. मंग गावात विहिरी तीन झाल्या काय? सामाईक ते सामाईक, सोताचं ते सोताचं. हे येगळं दाखवा लागते!" पटलं मला. पण पटलं म्हणून सांगितल्यावरही ते पाऊण तास समजावत राहिले, तेव्हा मला विहिरीत उडी मारावीशी वाटली.

ही खोड कॉम्प्युटरपुरती राहिली असती तर बरं होतं. राजूरला एका लग्नाला आम्ही काळीपिवळी जीपनं निघालो होतो. शेजारी खाणीत काम करणारा एक धिप्पाड गडी मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. साडभाऊंनी त्याला अत्यंत नम्रपणे विचारलं, "दादा, ह्या पिशवीची जागा तुमच्यात धरू, का सामाईकात?" तो म्हणाला, "तुह्या डोक्शावर धरू का?" पुढचा प्रवास साडभाऊंनी माझ्या मांडीवर बसून केला. माझ्या जागेत धरून.

आणि तोंड? तोंडाला तर कडीच नाही. एका कचेरीत मला एक दाखला हवा होता. टेबलामागचे साहेब सकाळपासून "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" असं सांगत होते. माझं नशीब फुटकं म्हणून हे सोबत होते. साहेब पाणी प्यायला उठले तेवढ्यात हे टेबलामागं गेले, काळी खिडकी उघडली, आणि रांगेतल्या बाया-माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर्व्हर नाई जी, पत्त्याचा डाव हाय. चारशे एमबी खाऊन राह्यला." रांग खदखदून हसली. साहेब हसले नाहीत. दाखला मला तीन आठवड्यांनी मिळाला, तोही आडनाव चुकलेला. मी रागानं म्हणालो, दुसऱ्याचं असं उघडं पाडू नये. तर म्हणाले, "लपवाचं काय हाय त्याच्यात? ज्यानं जागा घेतली त्यानं सांगावं, का बावा मी घेतली." केवढा हा बाणेदारपणा! मला तर वाटायचं, कोर्टानं यांना पाटीवर कोरून बाहेर लावावं.

हे कर्नेल जगभरातली माणसं मिळून लिहितात, फुकट. कोणीही सुधारणा पाठवू शकतो, जाणकार ती तपासतात, पटली तर घेतात. साडभाऊंनी आपली भर तिकडे चार वर्षं पाठवली. चार वर्षं ती परत आली. दर वेळी ते घरी येऊन पत्र वाचून दाखवायचे, आणि दर वेळी मी म्हणायचो, "पत्रिका जुळत नसेल." शेवटच्या पत्रात कोणीतरी लिहिलं होतं: कल्पना बरी आहे, पण हिचा उपयोग कुठं झाला ते दाखवा. खऱ्या जागी, खऱ्या कामात.

खरी जागा त्यांच्याकडे होती. झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावच्या शाळेत त्यांनी बारा जुने कॉम्प्युटर स्वतः जोडून बसवले होते, पदरमोड करून. सगळ्यांवर त्यांचं ते भर घातलेलं कर्नेल. ती लॅब सांभाळणाऱ्या बाई जवळच्याच कोलाम पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीतल्या, तात्पुरत्या नेमणुकीवर. त्यांच्या हाताखाली आठवी-नववीच्या पोरी टायपिंग शिकायच्या. पण दिवाळीपासून ती बाराच्या बारा यंत्रं शाळेच्या तिसऱ्या तासाला गोठायची. पोरी नुसत्या पडद्याकडे बघत बसायच्या. संस्थेच्या सचिवांना तांदळाची पोती ठेवायला खोली हवीच होती. ते म्हणाले, मशीन म्हाताऱ्या झाल्या, भंगारात काढू, लॅब बंद. लॅब बंद म्हणजे बाईही घरी.

साडभाऊ चवताळले. त्यांचा संशय संस्थेनं दिवाळीतच विकत आणलेल्या हजेरीच्या प्रोग्रामवर होता. "तोच खाऊन राह्यला, भाऊ. सचिवाच्या समोर उघडा पाडतो त्याले. तुम्ही चला साक्षीले." मी गेलो. खरं सांगतो, तमाशा बघायला गेलो.

खोलीत सचिव, हेडमास्तर, बाई आणि मी. खिडकीबाहेर पोरींची रांग. सकाळपासून चालू असलेला एक कॉम्प्युटर नुकताच रेंगाळायला लागला होता. साडभाऊंनी काळी खिडकी उघडली, सभेत उभं राहावं तसे उभे राहिले आणि यादीवर बोट ठेवलं. हजेरीचा प्रोग्राम: साठ एमबी. साठ! माझी गुडघेदुखी त्याच्या पाचपट. साडभाऊंनी डोळे पुसून परत पाहिलं. सचिवांनी पान काढून तोंडात घातलं आणि निवांत म्हणाले, "मग? मशीनच जुन्या ना?"

मी आपला रिकामा बसलो होतो. मास्तरकीची खोड, समोर आकडे दिसले की बेरीज करायची. पाकिटाच्या मागं मांडली. यादीतले सगळे मिळून निम्मेसुद्धा भरेनात, आणि वर तर मेमरी संपली म्हणून लिहिलेलं. मी सहज विचारलं, "साडभाऊ, मग बाकीची कुठं गेली?"

"कर्नेल ठेवते थोडी सोताले."

"थोडी म्हणजे किती?"

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवली. सगळ्यांचा तपशील दाखवणाऱ्या त्या यादीत कर्नेलची ओळच नव्हती. त्यांनी ती कधी लिहिलीच नव्हती. कारभाऱ्याला कोण विचारतो?

बाई हळूच म्हणाल्या, "सर, बाराहीवर तुमचंच हाय. एकावर पहिलेचं कर्नेल टाकून पाहू का?"

जुनं कर्नेल टाकून एक यंत्र सुरू केलं, शेजारी साडभाऊंचं. दोन्हींवर पोरी बसवल्या. दीड तासानं साडभाऊंचं गोठलं. जुन्यावरची पोरगी खटाखट टाइप करत होती, थांबायला तयार नव्हती. तोवर साडभाऊंना आपल्या लिखाणात चूक सापडली होती. हजेरीचा प्रोग्राम मिनिटाला दोनदा एक छोटासा प्रोग्राम उघडतो आणि बंद करतो. त्या प्रत्येकानं घेतलेल्या जागेचं बारीकसारीक टिपण साडभाऊंच्या भरीनं करून ठेवलं होतं, आणि प्रोग्राम मेला तरी टिपण फेकायचं राहिलं होतं. सगळी जागा त्या मेलेल्यांच्या टिपणांनी अडली होती. दुसऱ्याची जागा मोजणाऱ्यानंच जागा खाल्ली होती.

मला हसू फुटलं. फुटलं ते फुटलंच, आवरलं नाही. आणि सचिव, बेरकी माणूस, त्यांनी साडभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या हो. तुम्ही मोठे इंजिनिअर, तुमचं नाव कशाला खराब करता? मशीन जुन्या होत्या असं लिहून द्या, विषय मिटला."

एक ओळ लिहायची होती. नाव वाचलं असतं, परदेशच्या लोकांना काही कळलं नसतं, आर्णीतल्या गिऱ्हाइकांना तर नाहीच. खोली मात्र पोत्यांना गेली असती. बाई खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या, साडभाऊंकडे बघत. माझं हसू तिथंच विरलं.

साडभाऊंनी हेडमास्तरांचं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. मग सगळ्यांना वाचून दाखवलं, रांगेला ऐकवलं होतं तसल्याच आवाजात. "मशीन चांगल्या हायेत. जागा माझ्या प्रोग्रामनं खाल्ली. चूक माझी हाय. लॅब बंद कराचं काही कारण नाई." सही केली. सचिवांनी पान थुंकलं आणि निघून गेले. पुढं तांदूळ हेडमास्तरांच्याच खोलीत गेला.

मग त्यांनी बाराही यंत्रांवरून आपलं काम स्वतःच्या हातानं काढलं. प्रत्येक खुर्चीवर बसायचे, काढायचे, उठायचे. मागं पोरगी उभीच, हे उठले की ती लगेच बसायची. एकीनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाईंनी चहा आणला तो तसाच निवला.

त्या आठवड्यात त्यांनी परदेशच्या त्या मंडळींना पत्र पाठवलं. उपयोग दाखवा म्हणाला होतात, तर काय झालं ते दाखवतो, असं म्हणून सगळी फजिती आकड्यांसकट लिहिली, आणि चूक दुरुस्त होईपर्यंत माझी भर घेऊ नका असं वर. मला वाचून दाखवलं. मी पत्रिकेचा विनोद केला नाही. उलट विचारलं, हे लिहायची काय गरज होती, तिथं कोण विचारणार होतं? तर म्हणाले, "कोणी इचारलं नाई म्हणून तं लिवलं."

त्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. मोठी माणसं आहेत, रोज शेकडो पत्रं येत असतील. साडभाऊ आमच्याकडे आले की फोन दोनदा उघडून पाहतात आणि खिशात ठेवतात. मला त्यांच्या त्या विषयातलं आजही धड कळत नाही, आणि इंग्रजी तर माझं शाळेतच राहिलं. नाहीतर मीच लिहिलं असतं त्या लोकांना. घेऊ नका हवं तर त्याचं काम, पण वाचलं एवढं तरी कळवा हो. चांगला माणूस आहे आमचा.