हेमकूट स्टार्चचं जेवण

दामोदरराव घाटगे कंपनीचा अहवाल मागून पुढे वाचत. पुढच्या पानांवर देवाचे आणि संस्थापकांचे फोटो असतात, चोरी मागच्या तळटिपांत असते, असं त्यांचं मत. विमा कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस; पेन्सिल घेऊन बसला की कंपनीची हाडं मोजूनच उठायचा.

१९८७ साली त्यांना बन्नूर रस्त्यावरची हेमकूट स्टार्च सापडली. कर्ज शून्य. बँकेत रोकड एवढी की शेअरमागे दीडशे रुपये यावेत, आणि बाजारात शेअर साठ रुपयांना पडलेला. त्यांनी स्वतःचे थोडे पैसे आणि विधवा बहीण अंबुजाचे चोवीस हजार, नवऱ्यामागे हाती आलेले सगळेच्या सगळे, त्यात घातले. तिला येलवालला घर बांधायला छोटीशी साईट घ्यायची होती. दोन-तीन वर्षांत किंमत जागेवर येईल, असा त्यांनी शब्द दिला.

आकडे खरे होते, पण माणसं वाचायची राहिली. अध्यक्ष गुरुराजचे तीन मुलगे आणि दोन सुना पगारावर. बायकोच्या नावावरचा बंगला कंपनीलाच भाड्याने, आणि त्यात राहणार कोण, तर हेच. भागधारकांच्या हातावर वर्षाला एक रुपया, तोही उपकार केल्यासारखा. नऊ वर्षांत रोकड दोनशेवर गेली आणि शेअर रडतखडत अठ्ठ्याऐंशीवर आला. असल्या घरात पैसा कितीही असो, तो आपला नाही, हे बाजाराला कळलं होतं. दामोदररावांना कळायला नऊ वर्षं लागली.

मग गुरुराजने ठराव आणला. सगळी रोकड मुलांच्या रिसॉर्टला कर्जाऊ द्यायची. ती गेली की अंबुजाचे चारशे शेअर म्हणजे रद्दी. ठरावाला चारांत तीन हात लागत. सभेला येणार साठेक माणसं; त्यांतले सोळा हात विरोधात गेले की ठराव झोपला. दुखऱ्या गुडघ्यानं दोन महिने घरोघर फिरून दामोदररावांनी अठरा जणांचा शब्द घेतला. अंबुजाला त्यात धरलंच नव्हतं, ती घरचीच.

त्या वर्षी गुरुराजने सभेआधी जेवण ठेवलं. खांद्यावर पंचा टाकून स्वतः वाढत फिरला. दामोदररावांच्या पानाशी वाकून कानडीत, "रायरे, इन्नोंदु ओब्बट्टु," म्हणत आणखी एक पुरणपोळी घातली, वर तूप सोडलं. नको म्हणणं त्यांना जमलं नाही. ती त्यांनी खाल्ली.

ठराव वाचून झाला. विरोधात कोण, असं विचारल्यावर दामोदररावांनी हात वर केला आणि मागे वळून पाहिलं. आणखी दोनच हात. शब्द दिलेले बाकीचे बडीशेप चघळत पंख्याकडे बघत होते. शेजारी अंबुजाचे हात पदराखाली.

"अंबू, हात वर कर," ते कुजबुजले.

"कसं करू अण्णा? ऊटा झाला की त्यांच्या हातचा. जेवल्या जागेवर बसून बेडा, नको म्हणायचं? आपल्यात नाही तसं."

दामोदररावांना शिसारी आली. गुरुराजची तर आलीच, त्या बडीशेपवाल्यांचीही आली, पण सगळ्यात जास्त आली ती स्वतःला आलेल्या तुपकट ढेकराची. बहिणीवर रागवायलाही तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले शेअर विकले आणि तिचे चारशेही विकायला लावले. ती घाण घरात नको. तिच्या वाट्याचे पस्तीस हजार आले. येलवालची साईट तोवर सत्तर हजारांवर गेली होती. आठवड्याने दलालाने सांगितलं, घेणारी गुरुराजची धाकटी सून.

ते ऐकून दामोदरराव तडक अंबुजाच्या भाड्याच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. तिचा चेहरा उजळला.

"बघा अण्णा," ती म्हणाली, "अडीअडचणीला शेवटी त्यांनीच घेतलं की. चांगली माणसं हो ती. तुम्हीच सुम्मने, उगीच नावं ठेवता."