पूर्वपक्षाचा ठोका

आमचं तत्त्वज्ञान मंडळ जळगावात एका कापड दुकानाच्या माडीवर भरतं. खाली साड्या आणि वर सत्य, असं मी नव्या पाहुण्यांना सांगतो आणि स्वतःच हसतो. पाहुणे बहुतेक खाली साड्या बघायला आलेले असतात आणि चुकून जिना चढलेले असतात. दर रविवारी संध्याकाळी आम्ही मोजकी निवृत्त माणसं गादीवर मांडी घालून बसतो, आत्मा आहे की नाही, माणूस स्वतंत्र आहे की नाही यावर बोलतो, आणि गुडघे धरून उठतो. वर्षातून एकदा कॉलेजच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा घेतो. एखादं व्याख्यान ठेवतो, त्याला वक्त्याच्या घरची माणसं नक्की येतात. मी या मंडळाचा चिटणीस. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात हिशेबनीस तयार केले, जमाखर्चाच्या दोन्ही बाजू जुळवायला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर विश्वाच्या दोन्ही बाजू जुळवायला निघालो. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसं माझं झालं.

मंडळाचा एकच कडक नियम आहे आणि तो आबांनी घातलेला. आबा आमचे अध्यक्ष, पारोळ्याकडच्या एका खेड्यातले, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. जुन्या काळी शास्त्रार्थ करताना आधी समोरच्याची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, मांडायची आणि मगच ती खोडायची अशी रीत होती. आबांनी ती जशीच्या तशी माडीवर आणली. कुणाला विरोध करायचा असेल तर आधी त्याचं म्हणणं इतकं नीट मांडायचं, की ते ज्याचं आहे त्यानेच मान्य केलं पाहिजे. मान्य असेल तर त्याने समोरच्या बैठ्या मेजावर तळहाताने एक ठोका द्यायचा. ठोका मिळाला की तुम्ही बोलायला मोकळे. नाही मिळाला तर परत मांडायचं.

मला आबांचा ठोका कधीच मिळाला नाही. बाकी सगळ्यांचे मिळाले, आबांचा नाही. आबा एकदा बोलले की मला त्यांची चूक लगेच दिसायची, आणि ती दिसल्यावर त्यांचं म्हणणं कशाला लक्षात ठेवायचं, असा माझा खाक्या. मी भरभरून त्यांचा पूर्वपक्ष मांडायचो. आबा डोळे मिटून ऐकायचे, मग एक डोळा उघडून म्हणायचे, “नही, भाऊ. हाई मन्हं म्हननं नही. बठ्ठं तुन्हंच शे.” म्हणजे हे माझं म्हणणं नाही, सगळं तुझंच आहे. मग मी परत मांडायचो, अधिक मोठ्या आवाजात. शेवटी चहा यायचा. घरी जाऊन मी बायकोला सांगायचो की आबांना वयोमानाने स्वतःचं म्हणणंही आठवत नाही. ती म्हणायची, “तुम्ही माझं म्हणणं तरी कधी नीट सांगितलंय का? मेज असतं तर मीही हात खिशात घातला असता.” तिच्या साडीला खिसा नसतो हे मी तिला दाखवून दिलं आणि तो वाद जिंकला.

दुकानाचे शेठजी मंडळाचे खजिनदार. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते, ते स्वतः इथलेच. शेठजी जैन, आणि सत्याला अनेक बाजू असतात यावर त्यांचा गाढ विश्वास. त्यामुळे ते कुणालाच विरोध करत नाहीत. कुणीही काहीही बोललं की “एका बाजूने पाहिलं तर बरोबरच आहे,” असं म्हणतात. गिऱ्हाइकालाही ते असंच म्हणत असावेत, कारण दुकान उत्तम चालतं. या माणसाला आबांचे ठोके सहज मिळायचे. मला वाटायचं, ज्याला स्वतःचं मतच नाही त्याला दुसऱ्याचं सांगायला काय जातं?

दर हिवाळ्यात आमचं आणि धुळ्याच्या मंडळाचं एकत्र संमेलन असतं. मागच्या खेपेला ते धुळ्यात होतं, एका मंगल कार्यालयात, आणि माझा निबंध होता. विषय होता ‘दुसऱ्याचं मन आपल्याला कळतं का?’ मी ठणकावून लिहिलं होतं की कळतं. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करतो, तसं चेहरा, आवाज, हालचाल पाहिली की मनाचं अनुमान होतं. डोळे उघडे हवेत इतकंच. समोर बसलेले श्रोते म्हणजे पुढचे वक्ते होते, त्यामुळे प्रत्येकजण आपापले कागद चाळत होता. माझं झाल्यावर आबा उठले. आधी त्यांनी माझा पूर्वपक्ष मांडला, चार वाक्यांत, माझ्या निबंधापेक्षा सोपा आणि चांगला. मला मेजावर ठोका द्यावाच लागला. मग ते म्हणाले, आपण दुसऱ्याच्या मनात डोकावतो तेव्हा बहुतेक वेळा तिथे आपलंच मन मांडून ठेवतो आणि तेच पाहून येतो. आता मला उत्तर द्यायचं होतं, म्हणजे आधी त्यांचा पूर्वपक्ष. मी उभा राहिलो आणि सुटलोच. आबांचे डोळे मिटलेलेच. शेवटी भर सभेत, माईकसमोर, “बठ्ठं तुन्हंच शे.” सगळा हॉल हसला. तेवढ्यात कार्यालयाचा माणूस खुर्च्या मागायला आला, कारण पुढे साखरपुडा होता, आणि माझं उत्तर राहून गेलं. परतीच्या एसटीत मी फुगून बसलो होतो. आबांनी माझ्या हातात सोललेल्या शेंगा ठेवल्या आणि पारोळा यायच्या आत माझ्या खांद्यावर झोपले. माझा खांदा अवघडला तरी मी हललो नाही. हा माणूस मला फार आवडत होता, हे सांगायला हवं.

या पावसाळ्यानंतर आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, “नही”. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द उरतो. पाणी हवं का, नही, आणि मग पाणी पीत. ऊन लागतंय का, नही. त्या शब्दाला आता काही अर्थ उरला नव्हता. मला मात्र तो ऐकला की दर वेळी आपलंच काही चुकलं असं वाटायचं.

आबांचा मुलगा पुण्याला असतो. तो गाडी घेऊन आला होता. आईवडील दोघांनाही पुण्याला न्यावं असं त्याच्या मनात होतं. अक्का म्हणजे आबांची बायको, त्या म्हणत होत्या, यांना इथून हलवू नका, यांचा जीव इथेच आहे. आबांना विचारलं, पुण्याला जायचं? नही. इथेच राहायचं? नही. मुलगा हैराण झाला होता. तेव्हा शेठजींनी सांगितलं की आबांचा ठोका अजून शाबूत आहे. ते आदल्या दिवशी भेटायला गेले होते, आबांना खिडकी लावून हवी असावी असं त्यांनी बोलून दाखवलं, आणि आबांनी डाव्या हाताने पलंगाच्या लाकडी कडेवर ठोका दिला. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला पहिल्यांदा वाटलं, शेठजींना इथेही मिळाला!

मुलगा मला म्हणाला, “काका, तुम्ही त्यांच्याशी इतकी वर्षं वाद घातलाय. त्यांच्या मनात काय आहे ते तुम्हीच काढून घ्या. ते म्हणतील तसं करतो.”

मी छाती पुढे काढून पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसलो. आबांना कुठे राहायचंय हे मला माहीतच होतं. मी त्यांचा पूर्वपक्ष मांडायला घेतला. म्हणालो, आबा, तुमचं म्हणणं असं की माणूस जिथे रुजला तिथेच शोभतो. पुण्यात कुणाशी बोलणार? इथे मंडळ आहे, माडी आहे, रविवार आहे. वांग्याचं भरीत पुण्यात मिळतं, पण ते भरीत नव्हे. बोलता बोलता मी इतका रंगलो की माझेच डोळे भरून आले. मध्ये अक्का आबांना कुशीवर वळवायला आल्या, म्हणून मी खुर्ची जरा मागे घेतली आणि बोलतच राहिलो.

“नही,” आबा म्हणाले. कडेवर हात हलला नाही.

मी परत मांडलं. या वेळी मृत्यू आणला, मातीही आणली. अक्का उशी सरकवून घेत होत्या, मी वाकून त्यांच्या हाताखालून आबांकडे पाहत बोलत होतो. नही. शेठजी दाराशी उभे होते. मला राग यायला लागला. हा माणूस आजारपणातसुद्धा मला ठोका देणार नाही, असं वाटलं. मुद्देच संपले, तेव्हा मी गप्प बसलो. आबांसमोर मी असा गप्प पहिल्यांदाच बसलो असेन.

गप्प बसल्यावर दिसलं की आबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी वळून पाहिलं. अक्का आता दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. उभ्या म्हणजे टेकल्या होत्या. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट दाबत होत्या, ते सुजलेलं होतं. नवऱ्याला दिवसभर उठवणं, वळवणं, पुसणं हे सगळं त्या एकट्या करत होत्या, आणि मी रोज येऊन त्यांना वाट देण्यापुरती खुर्ची मागे घेत होतो. धूर, अग्नी, अनुमान! डोळे उघडे हवेत इतकंच, असं मीच लिहिलं होतं.

मला बोलायचं नव्हतं. बोललो तर काय होईल हे मला कळलं होतं. तरी हळूच म्हणालो, “आबा, तुमचं म्हणणं असं आहे, की अक्काच्या हातून आता होत नाही. ती हे कधी बोलणार नाही. तिथे मुलगा आहे, सून आहे, माणूस ठेवता येईल. म्हणून पुण्याला जायचं. तुम्हाला आवडतं म्हणून नव्हे.”

आबांचा डावा हात उठला आणि लाकडावर पडला. ठोका खणखणीत वाजला.

अक्का दारातूनच म्हणाल्या, “मन्हं काही दुखत नही!”

“नही,” आबा म्हणाले, आणि लाकडावर पुन्हा एक ठोका दिला. या ‘नही’चा अर्थ सगळ्यांना कळला. अक्का तिथेच खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मुलगा त्यांच्याजवळ जाऊन बसला. शेठजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि आज एका बाजूने वगैरे काही म्हणाले नाहीत.

नियमाप्रमाणे आता मी विरोध करायला मोकळा होतो. इतकी वर्षं याच जागेवर पोचायची धडपड चालली होती. आबा माझ्याकडे बघत होते, एक डोळा नेहमीसारखा अर्धा उघडा, माझ्या उत्तराची वाट बघत. मी रडलो, आणि त्यांचा डावा हात धरून बसलो.

घरी आलो तर बायको दारातच होती. “काय ठरलं?”

“आबांनी मला ठोका दिला.”

“अरे वा, शेवटी!” असं ती म्हणाली आणि मग माझा चेहरा पाहिला. तिने विचारलं, “कधी नेताहेत?”

“रविवारी,” मी म्हणालो.