निखिलच्या मापाची सीट

लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये, कितीही झाडा, कोपऱ्यात सुताचं तूस साचतंच. आमच्या सायकलच्या टोळीचे किस्से तसेच साचलेत. टोळी म्हणजे तिघंच: शाळेत मराठी शिकवणारे देवधर सर, जवळच्या दापोडे गावचा भोईर आणि मी, एका लूमवाल्याच्या ऑफिसातला क्लार्क. नव्वद सालानंतरचे दिवस. रविवार उजाडला की आम्ही भिवंडीबाहेर! आता सर नाहीत, भोईर गोडाऊनच्या धंद्यात बुडालाय आणि मला रविवार खायला उठतो. म्हणून सांगत बसतो झालं.

*

सरांची बायको, आमच्या काकू, गेल्या आणि सर घरात एकटे पडले. वर्षश्राद्धाला मुलगा निखिल अमेरिकेहून आला, तो स्वतःची कार्बनची रेसिंग सायकल खोक्यात घालून.

"बाबा, ही इथंच ठेवतो. दर दिवाळीला येईन, दोघं मिळून फिरू."

तो परत गेला आणि सरांनी ती चालवायला काढली. "पडून राहिली तर गंजेल!" कार्बन गंजत नाही हे आम्हा तिघांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

भोईरनं ती एका बोटानं उचलली. "सर, ही सायकल हाय का अगरबत्ती? कॅरिअर कुठं हाय?"

*

भिवंडीत कॅरिअर नाही ती सायकलच नाही. सर शाळेत असताना भोईर गुपचूप ती वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेला. सरांना सरप्राइज!

वेल्डरनं फ्रेमवर टिचकी मारली आणि मागं सरकला. "सेठ, ये लोहा नहीं है! आग लगाऊँगा तो हाथ में खाली पहिया बचेगा!"

सरांना कळलं तेव्हा ते खुर्चीतच बसले. त्या दिवसापासून सायकल बेडरूममध्ये. वर म्हणाले, "तेवढीच सोबत!"

*

मग सामान न्यायचं कसं? सरांनी कोऱ्या कापडाची पिशवी शिवली आणि सीटखाली लटकवली. त्यात वजन नको म्हणून दांडी कापलेला टूथब्रश, अर्धा साबण, एक टॉवेल. बनियन अंगातलीच धुवायची!

वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडावर बनियन वाळत घालून सर टॉवेलात बसले होते. तेवढ्यात एका विद्यार्थ्याचे आईवडील सहकुटुंब हजर. पोराच्या मार्कांवर बराच वेळ चर्चा चालली. सर जागचे हलले नाहीत.

ते गेल्यावर म्हणाले, "उठून नमस्कार करायला हवा होता रे. पण टॉवेल उठला नसता!"

*

निखिल चांगला उंच. सीट त्याच्या मापाची, सर बुटके. थांबायचं म्हटलं की पाय जमिनीला पोचत नसत. मग भोईर आधी उतरून खांदा पुढं करायचा आणि सर त्याला धरून उभे राहायचे.

"सीट खाली घ्या ना, सर! तुम्ही उतरत न्हाय, पडता!"

"निखिल आला की परत वर करावी लागेल." ठरलेलं उत्तर. सीटचा बोल्ट सैल करायची चावी निखिल देऊन गेला होता. सर ती पाकिटात ठेवायचे. कधी वापरली नाही.

दिवाळ्या येत होत्या. निखिल येत नव्हता.

*

अशाच एका दिवाळीच्या तोंडावर, रविवारी सकाळी सर निखिलला फोन करायला आयएसडी बूथमध्ये शिरले. आम्ही सायकली धरून बाहेर.

बाहेर आले ते हसतच. "निखिलनं तिकडे घर घेतलं. मोठं आहे म्हणे."

"दिवाळीला येतोय ना?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"नाही रे. आता तिथलाच झाला तो."

सरांनी पाकिटातून चावी काढली आणि रस्त्यावरच सीट खाली घेतली. इतकी वर्षं सांगणारा भोईर त्यांची सायकल धरून उभा राहिला.

कोन गावापर्यंत सरांची पिशवी टायरला घासत राहिली. खर्र खर्र. सीट खाली आली, तशी पिशवीही आली होती. आम्ही ते ऐकत मागून चालवत होतो.

चहाच्या टपरीशी भोईर सवयीनं आधी उतरला आणि खांदा पुढं केला.

"आता पाय टेकतात रे," सर म्हणाले.

टेकलेही होते, दोन्ही. तरी त्यांनी भोईरचा खांदा धरला आणि चहा येईपर्यंत सोडला नाही.