घोडीवर बसलं तर चालतं का?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, ते धुळीसारखे आपोआप साचतात. मेडिकल कॉलेजात मी आयुष्यभर स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र शिकवलं. तिथला सांगण्याजोगा एकही किस्सा आठवत नाही. निवृत्तीनंतर, गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा निम्मा झाला होता त्या दिवसांत, अड्याळला एक छोटासा दवाखाना चालवला आणि झाडून काढले तरी कोपऱ्यात उरतील एवढे किस्से जमले! ते मला नीट सांगता येतात का, याची मात्र खात्री नाही. बायको म्हणते, "तुम्ही विनोद सांगायच्या आधीसुद्धा त्याचे दुष्परिणाम सांगता!"

पुढचे सगळे किस्से एकाच बाळंतपणातले आहेत.

*

एका सकाळी दवाखान्यासमोर, मोटारसायकली लागायच्या तिथे, पांढरीशुभ्र घोडी उभी! कोंढ्याची वैशाली तिच्यावर बसून आली होती. तिच्या सासरी वरातीची घोडी होती, चांदणी नावाची. लग्नसराईत वैशालीच चांदणीला घेऊन गावोगावी जायची. वरातीत घोडीवर नवरदेव. पण जाता-येता पाठ रिकामीच की! मग तिथे वैशाली.

आता तिला दिवस गेले होते.

"साहेब, घोडीवर बसलं तं चालते काय जी?"

मी सविस्तर सांगितलं. सुरुवातीला गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं; मग ते वर येतं, तोल बदलतो. खरा धोका बसण्यात नाही, पडण्यात आहे. पोटाला मार लागला तर बाळाला पोसणारी वार गर्भाशयापासून सुटू शकते. शिवाय जनावर कितीही शहाणं असलं तरी फटाक्याला बुजू शकतं. अर्थात याबाबत तज्ज्ञांमध्ये थोडे मतभेद...

वैशाली सिस्टरकडे वळली. "हो म्हणून राहिले का नाही?"

मेश्राम सिस्टर म्हणाल्या, "नाही म्हणून राहिले. पण साहेब 'नाही'पर्यंत पायी जातात!"

"पण मी तं आजवर कधी पडलीच नाही!"

'पडणारा प्रत्येक जण आदल्या दिवसापर्यंत हेच म्हणतो' हे बिनतोड उत्तर मला तत्काळ सुचायला हवं होतं. सुचलं. दुपारी, जेवताना!

*

पुढच्या वेळी वैशालीसोबत तिच्या सासूबाई आल्या. पार्बताबाई. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "मागच्या खेपेला हिचं दोन महिन्याचं गेलं. त्या घोडीनंच गेलं. तुमी फक्त तोंडानं म्हणा साहेब, बपेरा गावचा गिऱ्हाईक तयारच हाये. घोडी इकून टाकतो!"

वैशाली खिडकीतून बाहेर चांदणीकडे बघत राहिली. चांदणी शिंगरू असताना वैशालीनं तिला बाटलीनं दूध पाजलं होतं, हे सिस्टरनं मला नंतर सांगितलं.

मी खरं तेच बोललो. इतक्या लवकर गेलेला गर्भ बहुतेक वेळा मुळातच नीट रुजलेला नसतो. घोडीचा त्यात दोष धरता येत नाही. मात्र आता बाळंत होईपर्यंत वैशालीनं घोडीवर बसायचं नाही. अजिबात नाही.

घोडी निर्दोष सुटली म्हणून सासू नाराज. बसायला बंदी झाली म्हणून सून नाराज!

शेवटी पार्बताबाईंनी निकाल दिला. "ठीक हाये. बाळ हाती येयेवरी घोडी राहीन. काही इकडचं तिकडं झालं तं दुसऱ्याच दिवशी बपेरा!"

त्या दिवसापासून मला एकाच केसपेपरवर दोन पेशंट झाले. एकीची तब्येत मी तपासत होतो, दुसरीचं नशीब.

*

आता लग्नसराईत घोडी नेणार कोण? वैशालीचा नवरा प्रमोद. तो बँडमध्ये ढोल वाजवायचा आणि घोडीला जाम घाबरायचा. वरातीत घोडी सगळ्यात मागे, म्हणून हा सगळ्यात पुढे!

अंगणात खुर्ची टाकून वैशालीनं त्याची शिकवणी घेतली. लगाम हातभर लांब धरून प्रमोद चांदणीला विनवू लागला, "अहो बाई, चला न जी!"

वैशाली तपासायला आली ती हसतच. "सिस्टर, पाहा न वो! मले म्हणते 'अगं', अन् घोडीले 'अहो'!"

*

बंदी आल्यावर सासूबाई सुनेला मोटारसायकलवरून आणू लागल्या. चालवणारा प्रमोद, मध्ये वैशाली, मागून घट्ट धरून पार्बताबाई. कोंढ्याहून येणारा तो रस्ता! गचके खात तिघं दवाखान्यापाशी पोचले, तेव्हा मी दारातच उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, यापेक्षा घोडी बरी!"

वैशाली गाडीवरूनच ओरडली, "आई, आयकलं काय? डॉक्टर साहेब म्हणून राहिले, घोडी बरी!"

बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर मी शब्द मागे घेतले, घोडीसुद्धा नको आणि मोटारसायकलसुद्धा नको, एसटीनं पुढच्या सीटवर बसून यावं, असं दोनदा समजावलं. पण काही उपयोग झाला नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी एक आजोबा गुडघे दाखवायला आले.

"साहेब, मीबी घोडीच घेऊ काय?"

*

डोहाळजेवण ठरलं. कुणाचं झोपाळ्यावर असतं, कुणाचं नावेत. वैशालीला घोडीवरचं हवं होतं! "साहेब, फक्त फोटोपुरतं. घोडी उभीच राहीन. दोघं जण धरतीन."

मी डगमगलो. पुस्तकं काढली. मग नागपूरला नाव कमावलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती म्हणाली, "सर, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं!"

"काय शिकवलं होतं?"

"तेच तर आठवत नाही, सर!"

शेवटी मी 'नाही' म्हणालो. या वेळी पायी न जाता, थेट. वैशाली झोपाळ्यावर बसली. फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद. शेजारी चांदणी, तिलाही झालर. बायका ओटी भरू लागल्या आणि सगळ्यांच्या देखत चांदणीनं मान लांब करून वैशालीचा मुकुट खाल्ला! मग एक बाजूबंद. मग ओटीतली केळी, सालासकट.

पार्बताबाई आधी कपाळावर हात मारून उभ्या राहिल्या. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्यांना भिंत धरावी लागली.

"अवो बाई, डोहाळे हिलेच लागले वाटते!"

*

आणि तो दिवस. ऐन लग्नसराई. अड्याळच्या बाजारातून एक वरात चालली होती. चांदणीवर नवरदेव, लगाम प्रमोदच्या हातात. तेवढ्यात बाजूने वैशालीची ऑटो आली. कळा कोंढ्यातच सुरू झाल्या होत्या. तिनं आतून हाक मारली, "अवो, चला लवकर!"

हाक नवऱ्याला होती, वळली चांदणी! प्रमोदच्या हातून लगाम सुटला. ऑटोच्या मागे दुडक्या चालीनं घोडी, घोडीवर नवरदेव, मागे धापा टाकत प्रमोद. वऱ्हाडाला वाटलं रस्ताच बदलला, म्हणून बँडसकट तेही मागे!

वैशालीला आम्ही थेट आत घेतलं. अंगणात चांदणी जागची हलेना, आणि मांडवाआधी नवरदेवानं घोडीवरून उतरायचं नसतं, म्हणून तोही वरच. प्रमोदला घेरी आली होती; बँडमधले दोघं त्याला भिंतीमागे पाणी मारत होते, बाकीचे वाजवतच होते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आत होतो, आणि त्या दारामागे आयुष्यभर उभा राहूनही माझी छाती अजून धडधडते.

मग बाळ रडलं. खणखणीत! पार्बताबाईंनी नात छातीशी धरली आणि सिस्टरला म्हणाल्या, "बपेऱ्याच्या माणसाले सांगा, घोडी इकाची नाही. माही नात बसन तिच्यावर!"

मी धावतच बाहेर आलो. चष्मा आतच राहिला होता. समोर चांदणी, तिच्यावर फेटा बांधलेला माणूस. प्रमोदची भीती एकदाची गेली तर, असं वाटून मला दुप्पट आनंद झाला. मी मोठ्यानं ओरडलो, "अभिनंदन! मुलगी झाली! आई आणि बाळ दोघी ठणठणीत!"

बँड थांबला. घोडीवरच्या माणसानं तोंडावरच्या मुंडावळ्या बाजूला केल्या, खाली वाकला आणि हात जोडून म्हणाला,

"साहेब, जरा हळू बोला न जी! माहं अजून लगन लागाचं हाये, अन् सासरे मांगंच उभे हायेत!"