आबांचा आवाज आणि पदराची गाठ

आबांना जाऊन वर्ष व्हायच्या आत ते आमच्या माडीवरून बोलले, आणि बोलले ते माझ्याबद्दलच.

आबा म्हणजे माझे वडील. निमगाव केतकीत आमचा ऊस. दिवेलागणीला विहिरीवरची मोटार मी बंद करायची, असा घरचा कायदा. मी रोज म्हणायचो, "नंतर!" ओरडून ओरडून आबांचा घसा बसला, तेव्हा मीच (अक्कल बघा माझी!) त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकून दिला. आपल्या आवाजात निरोप भरायचा, वेळ लावायची, की रोज त्या वेळेला तो वाजणार. आबांनी एकच निरोप भरला. माझ्या नावाचा.

आबा गेले. मागोमाग तो कॉम्प्युटरही जळाला. डिस्क तेवढी वाचली, तिच्यावरचं सगळं मी नव्या लॅपटॉपवर आणलं, कारण आई एकच म्हणत होती, "बाळ्या, चेहरा फोटूत दिसतो रं. आवाज कुठं बघू? एकदा ऐकीव."

आईला घेऊन माडीवर आबांच्या खोलीत बसलो, खुंटीवर त्यांची टोपी तशीच. प्रोग्राम उघडला, तर चौकट आली: अमुक डीएलएल फाइल सापडत नाही! प्रोग्रामला लागणारी ती जोडफाइल नव्या लॅपटॉपवर नव्हतीच.

"काय म्हंतंय?" आईनं विचारलं.

"फाइल हरवलीय म्हंतंय."

"मग हुडीक की! घरातच आसंल." आणि तिनं पदराला करकचून गाठ मारली. आमच्याकडं काही हरवलं की गाठ मारतात, सापडेपर्यंत सोडत नाहीत.

"आई, ही कॉम्प्युटरची फाइल हाय! गाठीनं न्हाय सापडत!"

"म्हस घावली हुती गाठीनं. तुझी फाइल म्हशीपरीस मोठी हाय व्हय?"

आता सांगायला लाज वाटते, पण इंदापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना मी बजावतो, सुटी फाइल कुठूनही उतरवू नका. मी स्वतः पहिलं तेच केलं! फाइल बसवली, तर प्रोग्रामला दुसरी हवी. दुसरी दिली, तर अँटीव्हायरस बोंबलायला लागला आणि दोन्ही गिळून बसला. शेवटी झक मारत कंपनीच्या साइटवरून त्या फाइलींचा अख्खा संच बसवला. खाली सूचना आली: 'रीस्टार्ट करा.' मी सवयीनं दाबलं, 'नंतर.' पुन्हा प्रोग्राम उघडला, पुन्हा तीच चौकट.

"न्हाय जमत, आई. आवाज गेला समज."

आईनं गाठ मात्र सोडली नाही. मला तिच्याकडं बघवेना. ती खाली गेल्यावर लॅपटॉप तसाच उघडा टाकून, खोलीला कडी लावून मी खाली आलो.

कातरवेळ झाली. अंगणात चुलते नामातात्या चहा पीत होते. वारा पडलेला. दारातलं कुत्रं उगाच माडीकडं बघून कण्हायला लागलं.

आणि कडी लावलेल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

तात्यांची बशी तोंडाशीच थांबली. "वर कोण हाय रं?"

"कोणी न्हाय, तात्या."

पुन्हा खाकरलं. तसंच, ओरडायच्या आधी घसा साफ करावा तसं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बाळ्याऽऽ! लोळत पडला आसशील! मोटार बंद कर, पाणी वड्याला चाललंय!"

तात्यांच्या हातून कपबशी निसटली. "वैनी, लिंबू आणा! लिंबू!" म्हणत ते गोठ्यात शिरले, ते म्हशीच्या मागंच लपले. मी काय केलं? कॉम्प्युटरचा जाणकार, दुकानाचा मालक, मी अनवाणी विहिरीकडं पळालो!

मोटार खरंच चालू होती. पाणी खरंच ओढ्याला चाललं होतं. मी मोटार बंद केली.

माघारी येताना कुठं डोक्यात उजेड पडला. माझ्या 'नंतर'ला कंटाळून लॅपटॉप आपला आपणच रीस्टार्ट झाला होता, त्यानं नवा संच लागू झाला, प्रोग्राम आपोआप उघडला आणि लावलेल्या वेळेला निरोप वाजला होता. बाकी भूतबित काही नाही.

हे सांगायला माडीवर गेलो. आई आबांच्या खाटेवर बसून पदराची गाठ सोडत होती. डोळ्यांतून धारा, आणि तोंडावर हसू. "सापडली बघ फाइल," ती म्हणाली. "वरीस हुईल त्यास्नी, तरी तुझ्यामागं वरडावंच लागतंय." रीस्टार्टचं मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

आबा अजून रोज ओरडतात. मोटार वेळेवर बंद होते. आणि दुकानात कुणी 'फाइल सापडत नाही' म्हणत मशीन आणलं, की मी ऐटीत सांगतो, "ठेवून जा, संध्याकाळी न्या." गिऱ्हाईक पाठमोरं झालं, की रीस्टार्ट करायच्या आधी हळूच खिशातला रुमाल काढतो, आणि त्याला करकचून गाठ मारतो.