धुतलेल्या पायांची सेवा

आमच्या शाळेत सेवेला मार्क असतात. एवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. खाडीकाठच्या या मिशनच्या शाळेत मी मराठी शिकवते. स्वतः ख्रिस्ती आहे, रविवारचा मिस्सा चुकवत नाही, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

दर उपवासकाळात आमची मुलं 'श्रद्धा कृतीत आणतात'. एकदा त्यांनी समुद्रकिनारा झाडला. तो आदल्या दिवशीच गड्यांकडून झाडून घेतला होता, कारण मुलांच्या हाताला काही घाण लागली तर पालक भांडायला येतात. गेल्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरांच्या मनात आलं की, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे मुलांनी गावातल्या बारा जणांचे धुवावेत. कल्पना सुंदर होती. पण सुंदर कल्पनेचं मातेरं करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

बारा जण निवडले गेले. सरपंच, पोलीस पाटील, शाळेच्या बसचे मालक, दिवेआगरला रिसॉर्ट असलेले देणगीदार, आणि उरलेले त्यांच्याच पंक्तीतले. येशूच्या बारा जणांत निदान मासे मारणारे होते. आमच्या बारा जणांत नुसते खाणारे.

शाळा झाडणाऱ्या मावशीने ही तयारी पाहिली आणि मला वऱ्हांड्यात गाठलं. शाळेत येण्याआधी मावशीचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. खाऱ्या पाण्याने तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पाडल्यात.

"बाय, ती पोरां माजं पन पाय धुतील काय गं?"

तिने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"लग्नात माज्या बापाशीनं नवऱ्याचं पाय धुतलं. माजं कोन धुनार? माज्या पायाला पानी लागलं तं खारंच." ती हसली, पण विचारणं खरं होतं. "बग ना इचारून."

मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "टीचर, त्या आपल्या स्टाफ आहेत. सेवा समाजाची करायची असते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि त्या भेगा बघितल्यात ना? मुलांना इन्फेक्शन झालं म्हणजे?"

ज्याचं ताट भरलेलं त्यालाच वाढायचं, ही आमची सेवा. मला सिस्टरांची किळस आली. मी मावशीकडे परत आले, ती माझ्या तोंडाकडे बघूनच समजली आणि बादली उचलून गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी पाणी तापवायचं काम तिलाच दिलं. घमेली तिने भरली, गुलाबपाणी सिस्टरांनी ओतलं. पाहुणे घरून पाय घासून आले होते. देणगीदारांच्या नखांना तर चकाकी होती. आमच्या शूर विद्यार्थ्यांनी हातमोजे चढवले, फोटोवाल्याने मान डोलावली की पाण्याचे दोन थेंब शिंपडले आणि टॉवेल टेकवला. एका मुलाचा फोटो नीट आला नाही म्हणून सरपंचांचा उजवा पाय पुन्हा धुवावा लागला. मग नम्रतेवर प्रवचन झालं. मुलं जांभया देत ऐकत होती. ज्याला सेवेचं पहिलं बक्षीस मिळालं, त्याने जाता जाता ओला टॉवेल मावशीच्या खांद्यावर टाकला. "मावशी, हे धुऊन टाका." तिच्या तोंडाकडेही त्याने पाहिलं नाही.

सगळे चहाला गेले. माझी पर्स राहिली म्हणून मी हॉलमध्ये परत आले, तर मावशी सरपंचांच्या खुर्चीवर बसली होती. न वापरलेलं गरम पाणी तिने एका घमेल्यात ओतून घेतलं होतं आणि त्यात पाय सोडले होते. डोळे मिटलेले.

मी पुढे जाऊन गुडघ्यावर बसले आणि पाण्यात हात घातला. तिने डोळे उघडले आणि पाय चटकन मागे घेतले.

"ऱ्हाऊ दे बाय," ती म्हणाली. "फोटोवाला गेला."

आणि ती वाकून आपल्या हातांनी आपल्या टाचा चोळू लागली.